विज्ञान शिकलेली माणसे शाळेत का येतात

विज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, संशोधनात किंवा उद्योगात काही वर्षे काढलेल्या माणसाने शाळेत शिकवायचे ठरवले, की ‘एवढे शिकून शाळेत?’ हा प्रश्न त्याच्या वाट्याला येतोच. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काळजीच असते. सर्वांत वर संशोधक, त्याखाली प्राध्यापक आणि सर्वांत खाली शाळेतला शिक्षक अशी एक उतरंड आपण सर्वांनीच मनाशी मांडून ठेवलेली असते, आणि कोणी आपण होऊन तीत खाली येताना दिसले, की त्याचे काहीतरी बिनसले असणार असे गृहीत धरले जाते. मी वर्णपटशास्त्रातले, म्हणजे पदार्थाच्या प्रकाशातल्या रंगांवरून त्याचा अभ्यास करण्याच्या शास्त्रातले, संशोधन सोडून शाळेत आले, त्यामुळे हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ‘मुलांची आवड’ किंवा ‘समाजाचे ऋण’ असे म्हणून त्याचे उत्तर देता येते, आणि त्यात खोटे काही नसते. परंतु तसे म्हटले, की भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाचे उत्तर आणि आपले उत्तर एकच होऊन जाते. मला असे वाटते, की विज्ञानाची माणसे शाळेत येतात आणि विशेषतः शाळेत टिकतात, ती बऱ्याच अंशी विज्ञानामुळेच.

आधी व्यवहाराची कारणे सांगून टाकते, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. संशोधनातल्या कायम जागा पीएच.डी. झालेल्यांच्या संख्येपेक्षा फार कमी असतात. दोन-तीन वर्षांच्या करारावर एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाणे पंचविशीत सोसते, पस्तिशीत सोसत नाही. घरात लहान मूल किंवा आजारी वडीलधारे असतील, तर शाळेचे ठरलेले वेळापत्रक आणि सुट्ट्या ही फार मोठी गोष्ट असते. काही जण या कारणांनी येतात आणि त्यांतले कित्येक उत्तम शिक्षक होतात. तरीही ‘दुसरे काही जमले नाही म्हणून शिक्षक’ हे सर्वांना लावले जाणारे स्पष्टीकरण तपासणीत टिकत नाही. ऑस्ट्रेलियातील हेलेन वॉट आणि पॉल रिचर्डसन या संशोधकांनी शिक्षक होण्याचे शिक्षण घ्यायला आलेल्यांच्या प्रेरणा मोजण्यासाठी एक मापनपद्धती तयार केली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. ‘आपल्याला शिकवता येते’ हा विश्वास, शिकवण्याच्या कामातली गोडी आणि पुढच्या पिढीच्या जडणघडणीत वाटा उचलण्याची इच्छा या प्रेरणा त्यात सर्वांत वर होत्या. नाइलाजाने निवडलेला व्यवसाय ही प्रेरणा सर्वांत खाली होती. हा अभ्यास सर्वच विषयांच्या भावी शिक्षकांचा होता, त्यामुळे विज्ञानाच्या माणसाचे वेगळेपण त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी विज्ञान शिकवण्याच्या कामाकडेच पाहावे लागते.

संशोधनात माणसाचे क्षेत्र दरवर्षी अरुंद होत जाते. हा दोष नव्हे. नवे काही शोधायचे, तर एका ठिकाणी खोल खणावेच लागते. परंतु विज्ञानाकडे आपण लहानपणी ज्या ओढीने वळलो, ती ओढ एका रेणूच्या वर्णपटातल्या चार रेषांपुरती नव्हती. आकाश निळे का, लोखंड गंजते म्हणजे काय होते, ऋतू का बदलतात, हे सारे आपले होते. पुढे त्यातले बहुतेक सारे मागे पडते. शाळा ते सगळे परत देते, आणि परत देताना आपल्याला त्यातले किती माहीत आहे याची कसून परीक्षाही घेते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते, आणि जुलैच्या सुरुवातीला ते सुमारे १५.२ कोटी किलोमीटर होते, ही माहिती कोणत्याही पुस्तकात आहे. ऋतू अंतरामुळे होतात असे मनाशी धरून बसलेल्या वर्गासमोर ही माहिती ठेवल्यावर जी खळबळ उडते, तिच्यासाठी मात्र वर्गातच असावे लागते.

माझा वनस्पतिशास्त्राशी शाळेत येईपर्यंत फारसा संबंध नव्हता, आणि आता मला शिकवायला सर्वांत आवडणारा धडा झाडाचाच आहे. मोठ्या झाडाचे शेकडो किलो लाकूड आले कुठून, असे विचारले, की बहुतेक मुले मातीतून असे सांगतात. बहुतेक मोठी माणसेही तेच सांगतात. मग मी त्यांना यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट या सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगते. त्याने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि ५ वर्षे फक्त पाणी घातले. शेवटी झाडाचे वजन १६९ पौंडांहून थोडे अधिक भरले आणि माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती अवघी २ आउन्स कमी झाली होती. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याने निष्कर्ष काढला, की लाकूड पाण्याचे बनते. मुलांनाही तेच पटते, कारण आकडे समोर आहेत आणि पाण्याशिवाय दुसरे काही घातलेलेच नाही. हवा त्यांच्या हिशेबात येत नाही, जशी ती फान हेल्मोंटच्या हिशेबात आली नाही. आणि गंमत अशी, की कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, अभ्यास त्याने स्वतःच केला होता. ज्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के आहे, तिच्यातून एवढे लाकूड उभे राहते हे खरोखरच अविश्वसनीय आहे. ते अविश्वसनीय वाटणे हाच त्या धड्याचा गाभा आहे, असे मी मानते. पाठ्यपुस्तकातले प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण पाठ असलेल्या मुलालाही हा प्रश्न अडवतो, आणि तो अडला म्हणजे खऱ्या अर्थाने शिकणे सुरू होते.

विज्ञान शिकलेल्या माणसाला शाळेत धरून ठेवणारी सर्वांत मोठी गोष्ट मात्र याच्याही पुढची आहे. वर्गात त्याला रोज असे प्रश्न भेटतात, ज्यांची शास्त्रीय उत्तरे सापडलेली आहेत आणि तरीही जे मुलांच्या मनात सुटलेले नाहीत. विद्युतप्रवाहाचा पाठ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. एक सेल, एक बल्ब आणि दोन ॲमीटर (प्रवाह मोजणारे मीटर) तारांनी जोडून साधा परिपथ मांडायचा. एक ॲमीटर बल्बच्या आधी, दुसरा नंतर. कळ दाबण्यापूर्वी मुलांना दोन्ही आकड्यांबद्दल अंदाज लिहायला सांगायचा. वर्गातली बरीच मुले लिहितात, की दुसऱ्या ॲमीटरवर आकडा कमी येईल, कारण थोडा प्रवाह बल्बने वापरला असणार. हा विचार आळसातून आलेला नसतो. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या मनातल्या प्रवाहाच्या अशा कल्पनांचा बारकाईने अभ्यास केला, आणि वेगवेगळ्या देशांतल्या मुलांमध्ये त्याच त्या कल्पना पुन्हा पुन्हा आढळल्या आहेत.

कळ दाबली आणि दोन्ही काटे एकाच आकड्यावर थांबले, तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, दुसरा मीटर बिघडलेला असेल. अदलाबदल करून बघू या.” तिने स्वतः तारा सोडवल्या, दोन्ही मीटरची जागा बदलली, पेचाच्या फिरक्या घट्ट केल्या आणि पुन्हा कळ दाबली. काटे पुन्हा त्याच आकड्यावर आले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “प्रवाह संपतच नसेल, तर सेल का संपतो?”

उपकरणावर संशय घेणे, तो संशय तपासण्यासाठी नेमकी योग्य कृती करणे, निकाल मान्य करणे आणि त्या निकालातून पुढचा अडचणीचा प्रश्न काढणे, हे सर्व तेरा वर्षांच्या मुलीने काही मिनिटांत केले. प्रयोगशाळेत आम्ही हेच करत होतो; फक्त तिथे त्याला काही महिने लागत आणि शेवटी एक शोधनिबंध निघे. आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत असले, तरी ते तिच्यापर्यंत नेणे हे स्वतंत्र काम होते. ऊर्जा आणि विद्युतभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भार फिरून परत येतो आणि सेलमधल्या रसायनांची ऊर्जा खर्च होते, हे वाक्य बरोबर आहे. पण ज्याच्या मनात या दोन गोष्टी अजून एकच आहेत, त्याला ते वाक्य काहीच सांगत नाही. मी सायकलच्या साखळीचा आधार घेतला: साखळी फिरून जशीच्या तशी परत येते, कडी एकही कमी होत नाही, आणि तरी पॅडल मारणारा दमतो. त्या दिवसापुरते ते पुरले. पुढच्या आठवड्यात दोन बल्ब समांतर जोडणीत लावल्यावर प्रवाह दोन वाटांनी विभागला गेला. साखळी तशी विभागता येत नाही, म्हणून ही उपमा तिथे सोडून द्यावी लागली, आणि ती का सोडावी लागली यावर झालेली चर्चा मूळ धड्यापेक्षा अधिक मोलाची ठरली. कोणती उपमा कुठपर्यंत न्यायची, कोणते अर्धसत्य पुढच्या इयत्तेत अडचण करील आणि कोणते सुखाने विरून जाईल, हे ठरवायला विषय मुळापासून माहीत असावा लागतो. माझ्या पदवीचा सर्वाधिक उपयोग मला अशाच ठिकाणी होतो.

तरीही केवळ पदवी पुरत नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हा मुद्दा फार स्पष्टपणे मांडला: विषयाचे ज्ञान एक आणि शिकवण्याचे सर्वसाधारण कौशल्य दुसरे, या दोहोंशिवाय तिसरे एक ज्ञान असते, आणि ते म्हणजे अमुक विषय अमुक वयाच्या विद्यार्थ्याला कुठे अडतो आणि ती अडचण कशी ओलांडता येते याचे ज्ञान. ते विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून मिळत नाही आणि भौतिकशास्त्राशिवायही मिळत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात माल्कम वेल्स नावाचे एक शाळाशिक्षक होते. त्यांचा अनुभव मोठा होता आणि प्रयोगांवर भर देणारे शिक्षक म्हणून त्यांची ख्याती होती. बल आणि गती यांच्या मूलभूत कल्पना तपासणारी एक चाचणी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली होती. ती वेल्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिली तेव्हा निकाल निराशाजनक आला. त्यानंतर वेल्स यांनी स्वतःची अध्यापनपद्धती पायापासून बदलली, त्यावर डॉक्टरेट केली, आणि १९९२ मध्ये हेस्टेनीस यांच्यासह त्या चाचणीची जी सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिच्या लेखकांत त्यांचे नाव आहे. ती चाचणी आजही जगभरातल्या विद्यापीठांत वापरली जाते. शाळेत शिकवता शिकवता संशोधनच करणारा माणूस पाहायचा असेल, तर माझ्या मते वेल्स यांच्याकडे पाहावे.

शाळेत शिकवणाऱ्या शास्त्रज्ञांची मोठी नावे या चर्चेत नेहमी पुढे केली जातात, आणि ती पुढे करताना काळजी घ्यावी असे मला वाटते. गेओर्ग ओम हा १८१७ पासून कोलोन येथील शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता आणि विद्युतप्रवाहाच्या ज्या नियमाला आज त्याचे नाव आहे, त्याचे प्रयोग त्याने त्या काळात केले. त्या वेळच्या विद्युतघटांचा जोर सतत बदलत असे, म्हणून त्याने तापविद्युत युग्म, म्हणजे टोकांच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी दोन धातूंची जोडी, वापरले. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे वितळत्या बर्फात ठेवले, की विद्युतदाब स्थिर राही. हे वाचताना शाळेच्या प्रयोगशाळेत दिवस काढलेल्या कोणालाही आपलेपणा वाटेल. परंतु ओमला शाळेत राहायचे नव्हते. १८२७ च्या त्याच्या ग्रंथातून विद्यापीठातली जागा मिळेल अशी त्याची आशा होती आणि ती फार उशिरा पूर्ण झाली. गणितज्ञ कार्ल वायरस्ट्रास याने चौदा वर्षे शाळांत काढली, गणिताबरोबर सुलेखन आणि व्यायामही शिकवला, आणि १८५४ मध्ये त्याचा शोधनिबंध गाजला तेव्हा तो त्या जगातून बाहेर पडला. ती वर्षे त्याला अतिशय कंटाळवाणी वाटली होती. ग्रेगोर मेंडेल शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत १८५० मध्ये अनुत्तीर्ण झाला, १८५६ मध्येही त्याला यश आले नाही, आणि तरी तो ब्र्नो येथील शाळेत बदली शिक्षक म्हणून १८६८ पर्यंत शिकवत राहिला. वाटाण्यांवरचे त्याचे आनुवंशिकतेचे सारे प्रयोग याच काळातले आहेत. योहान बाल्मर हा बाझेल येथील मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. त्याने १८८५ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, हायड्रोजनच्या चार वर्णरेषा (त्याच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषा) एका साध्या सूत्रात बसवून दाखवल्या, आणि १९१३ मध्ये नील्स बोरच्या अणुप्रतिमानाने त्या सूत्राचे कारण सांगितले. वर्णपटांवर काम केल्यामुळे मला बाल्मरबद्दल विशेष जिव्हाळा आहे. पण या उदाहरणांतून एवढेच सिद्ध होते, की शाळेत असूनही मोठे संशोधन करता आले. शाळेतले काम स्वतःच्या बळावर मोलाचे आहे हे सिद्ध करायला दुसरे उदाहरण लागते.

ते उदाहरण लास्लो राट्स यांचे आहे. बुडापेस्ट येथील फाशोरी शाळेत ते १८९० पासून १९२५ पर्यंत गणित शिकवत होते. माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी गणिताची कोडी घालणारे मासिक त्यांनी १८९६ पासून अनेक वर्षे चालवले. दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी उत्तरे पाठवायची आणि उत्तम उत्तरे त्यांच्या नावांसह प्रसिद्ध करायची, अशी त्याची रीत होती. पुढे गणितज्ञ म्हणून गाजलेला जॉन फॉन नॉयमन आणि भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. फॉन नॉयमनची असामान्य बुद्धी ओळखून त्याला विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून स्वतंत्र शिकवणी मिळावी यासाठी राट्स यांनी पुढाकार घेतला, आणि विग्नरला त्यांनी आपली पुस्तके वाचायला दिली. विग्नरला १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले; त्याच्या प्रिन्स्टनमधल्या कार्यालयात राट्स यांचे छायाचित्र लावलेले असे. राट्स यांच्या नावावर कोणतेही प्रमेय नाही. मुलाला काय येते हे ओळखणे आणि त्याला त्याच्या ताकदीचा पुढचा प्रश्न देणे, एवढेच त्यांनी पस्तीस वर्षे केले, आणि हे करण्यासाठी पुढचा प्रश्न कोणता हे स्वतःला माहीत असावे लागते. प्रत्येक वर्गात फॉन नॉयमन नसतो, हे मान्यच आहे. पण पुढच्या प्रश्नाची गरज प्रत्येक मुलाला असते, आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला तर अधिक असते, कारण त्याच्यासाठी तो प्रश्न निवडणे अधिक अवघड आहे.

मारी क्यूरी आणि पॉल लांजव्हॅं व जाँ पेरँ हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ यांनी १९०७ च्या सुमारास आपल्या मुलांसाठी मिळून शाळा चालवली होती आणि क्यूरी स्वतः त्या लहान मुलांकडून भौतिकशास्त्राचे प्रयोग करवून घेत असे. तिला त्यासाठी कोणी नेमले नव्हते, पगार नव्हता, आणि तोवर तिला एक नोबेल मिळालेले होते. वरची उतरंड मनात धरून बसलेल्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

आता ज्या गोष्टी या माणसांना शाळेतून बाहेर घालवतात, त्यांबद्दल. मिळकत कमी होते, हे बहुतेकांनी आधीच गृहीत धरलेले असते. न धरलेली गोष्ट म्हणजे एकटेपणा. प्रयोगशाळेत एखादी शंका आली, की शेजारच्या टेबलावर ती समजणारे कोणीतरी असते. शाळेत भौतिकशास्त्राचा शिक्षक बहुधा एकटाच असतो, आणि साखळीची उपमा समांतर जोडणीत का मोडते यावर बोलायला मधल्या सुट्टीत कोणी सापडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगाला न मिळणारा वेळ. चाळीस मिनिटांच्या तासिकेत हजेरी, साहित्याचे वाटप आणि आवराआवर वजा केली, तर हातात वीस-बावीस मिनिटे राहतात. त्यात परिपथ जोडता येतो, पण ‘मीटर बिघडलेला असेल’ ही शंका तपासता येत नाही, आणि शंका तपासता येत नसेल, तर प्रयोग म्हणजे ठरलेले उत्तर मिळवण्याची कवायत होते. तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत घातक, म्हणजे परीक्षेच्या दडपणाखाली चुकीच्या उत्तराचे कारण विचारायला सवड न उरणे. ज्या कुतूहलापोटी माणूस शाळेत आला, ते कुतूहलच त्यामुळे उपाशी राहते, आणि मग तो निघून गेला, तर लोक पगाराकडे बोट दाखवतात.

संशोधन सोडून शाळेत यावे का, असे विचारणारे तरुण मला अधूनमधून भेटतात. मी त्यांना एखाद्या शाळेत आठवडाभर मागच्या बाकावर बसून मुलांची चुकीची उत्तरे लिहून आणायला सांगते, कारण पुढची सगळी वर्षे त्या उत्तरांच्या सहवासात काढायची असतात. जो ती वही हसत दाखवतो, त्याला मी थोडे थांबायला सांगते. आणि जो वहीतले एखादे उत्तर दाखवून ‘हा मुलगा असा विचार का करत असेल?’ असे विचारतो, त्याच्याशी मी अर्जाबद्दल बोलते. त्याच वेळी शाळा चालवणाऱ्यांकडे माझे एकच मागणे असते: विज्ञानाच्या शिक्षकाला आठवड्यातून किमान एकदा प्रत्येक वर्गासाठी सलग दोन तासिका द्या, आणि साहित्य मांडायला व आवरायला एक मदतनीस द्या.